शेवंताचं मत

रविवारी सकाळी भिलाईच्या स्मृति नगरातल्या बाकीच्या घरांमध्ये पोहे-जलेबी असायची. धोंडबाच्या घरी सभा असायची. आधी वंदना, मग संविधानातलं एखादं कलम, आणि मग घरातले विषय. पंखा कोणत्या खोलीत लावायचा, मुलगा नागसेन शाळेत होता तेव्हा त्याला सायकल आता घ्यायची की दहावीनंतर, गावाकडच्या लग्नाला कोणी जायचं. धोंडबा स्टील प्लांटात रेल मिलला होता तेव्हापासूनची ही पद्धत. सेक्टरमधल्या क्वार्टरात ती सुरू झाली आणि रिटायर झाल्यावर बांधलेल्या या घरात सामानाबरोबर आली. लहान असो की मोठं, घरात प्रत्येकाला एक मत. बाबासाहेबांनी देशाला दिलं ते आपण घरात का देऊ नये, असं धोंडबा म्हणायचा, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

फक्त एक होतं. सभा बसायची बैठकीत, आणि त्याच वेळी चहा उकळायचा स्वयंपाकघरात. शेवंता, म्हणजे धोंडबाची बायको, सभेची सदस्य होतीच, पण तिची सदस्यता ओट्यापाशी उभी असायची. "शेवंता, तुह्यं मत?" अशी हाक आली की ती कणकेच्या हातांनी दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "जे सगळ्याईचं ते माह्यं." एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं दुसरं मत दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. धोंडबाला वाटायचं, बायको आपल्या विचारांची आहे. वाटो बिचाऱ्याला.

सगळ्या कलमांत त्याचं लाडकं कलम तिसरं. नवीन राज्य कसं करायचं ते सांगणारं. आता स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसाचा नवीन राज्यांशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर तो खुर्ची पुढे ओढायचा आणि आपल्या बापापासून सुरू करायचा.

"माहा बाप छप्पनच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडून इकडं आला, प्लांटचे खड्डे खोदाले. तेव्हा भंडारा बी मध्य प्रदेशात अन् दुर्ग बी मध्य प्रदेशात. दसऱ्याले नागपूरले जाऊन त्यानं दीक्षा घेतली. अन् दिवाळीले गावाकडं गेला, तं गाव मुंबई राज्यात गेलं होतं! धर्म त्यानं सोता बदलला. राज्य बदलताना त्याले कोनी इचारलं नाई. मंग दोन हजार साली आपन झोपलो मध्य प्रदेशात अन् उठलो छत्तीसगढमध्ये. हे सगळं कशानं झालं? कलम तीननं."

मग तो पद्धत सांगायचा. राज्य करते संसद. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक येत नाही. आणि ज्या राज्याचा तुकडा काढायचा, त्याच्या विधानसभेला आधी मत विचारावं लागतं. विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

"अन् मत मानाच लागते का, आबा?" हे प्रेरणा विचारायची. प्रेरणा म्हणजे नागसेनची लेक, धोंडबाची नात, चौथीत शिकणारी. सभेत मनापासून बसणारी ती एकटीच.

"नाई. मध्य प्रदेशच्या विधानसभेनं हो म्हटलं, छत्तीसगढ झालं. आंध्रच्या विधानसभेनं नको म्हटलं, तरी तेलंगणा झालाच."

"मंग इचारते कावून?"

"इचारनं हा मान हाये, बेटा," धोंडबा म्हणायचा.

ओट्यापाशी शेवंता हे ऐकायची. हो म्हणा, नको म्हणा, व्हायचं ते होतंच. आणि विचारलं याचाच मान. तिला यात नवीन काही वाटायचं नाही. तिच्या घरात हे कलम लग्नापासून लागू होतं.

प्रेरणाची आई संघमित्रा किडनीच्या आजारानं गेली, तेव्हा पोरीला पाऊलही टाकता येत नव्हतं. नागसेन मालगाडीवर लोको पायलट. ड्यूटी लागली की कधी निघेल आणि कधी परतेल त्याचा नेम नाही. पोर आली ती शेवंताच्या मांडीवर. साठीच्या उंबरठ्यावर बाईनं पुन्हा दुपटी धुतली, पुन्हा रात्री जागवल्या. प्लांटात स्लॅग, म्हणजे भट्टीतला तापलेला मळ, ओतला की आभाळ लाल व्हायचं आणि पोर घाबरून रडायची. शेवंता तिला गच्चीवर नेऊन सांगायची, "रडू नको माय, तिकडं लोखंडाच्या भाकरी भाजून राहिले." मग पोर त्या लाल आभाळाकडे बघत कोणाला किती भाकरी मिळणार ते विचारत बसायची.

पुढे शाळा आली. पालकांच्या मीटिंगला शेवंताच जायची. टीचर हिंदीत बोलायची, शेवंता मराठीत उत्तर द्यायची आणि मध्ये दुभाषी म्हणून प्रेरणा उभी. स्वतःच्या तक्रारी ती अर्ध्याच सांगायची हे शेवंताला कळायचं, टीचरलाही कळायचं, आणि दोघी हसू दाबायच्या. मीटिंगहून परतताना दोघी सुपेलाच्या बाजारात गुपचूप खायच्या. गुपचूप म्हणजे आपली पाणीपुरी, पण त्यांच्यासाठी खरोखरच गुपचूप, कारण धोंडबाला बाहेरचं खाल्लेलं चालत नसे. त्या घरात शेवंतानं सभेला न विचारता घेतलेला निर्णय तेवढा एकच असावा.

नागसेनची बदली बिलासपूरला झाली आणि तिथे त्याला गुंजन भेटली. शाळेत शिकवणारी, शांत, जरा लाजरी बाई. हिवाळ्यात त्यांनी रजिस्टर लग्न केलं. गुंजन वाईट असती तर शेवंताचं काम सोपं झालं असतं. पण ती आली, शेवंताच्या पाया पडली आणि संघमित्राच्या फोटोपुढे आपण होऊन मेणबत्ती लावली. प्रेरणाला तिनं मला मम्मी म्हण असंही म्हटलं नाही. अशा बाईचा राग तरी कसा करायचा? शेवंतानं प्रयत्न करून पाहिला, जमला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नागसेन एकटाच आला. वंदना झाली, कलम झालं, आणि त्यानं विषय मांडला. वडिलांनी शिकवला तसा, उभं राहून.

"बाबा, मी प्रेरणाले बिलासपूरले नेतो म्हनतो. रेल्वेचं क्वार्टर भेटलं हाये. गुंजनच्याच शाळेत सीट हाये. पोरगी बापाजवळ राहाले पाह्यजे, असं मले वाटते. आईच्या घुटन्याचा त्रास बी वाढून राहिला. म्हनून हा प्रस्ताव."

दुसरा एखादा आजोबा असता तर रडला असता, नाहीतर ओरडला असता. धोंडबाचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असं नाही. पण लगेच त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली.

"नागसेन, हे कलम तीनचं प्रकरन हाये," तो म्हणाला. "शेवंता, बाहेर ये. आज खुर्चीवर बस."

शेवंता पदराला हात पुसत आली आणि बसली. सभेत खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. गॅसवर दूध होतं, तिचा अर्धा जीव तिकडे.

"पोरगी वाढली तुह्याजवळ," धोंडबा म्हणाला. "ती तुह्या राज्यातली. तुह्या राज्यातून तुकडा निघून राहिला, तं तुह्यं मत आल्याशिवाय हे काम पुढं नाई जानार. तुले मुदत देतो. पोरीच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत. कोनी तुह्यावर जोर टाकनार नाई. मीबी काई बोलनार नाई. नागसेन, समजलं?"

"समजलं, बाबा."

धोंडबाला बायकोचा मान राखायचा होता, यात शंका नको. तो मनापासून बोलत होता. त्याच्या आवाजात कापरंही होतं. पण लेकराला तुकडा म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही, आणि शेवंताला ते असं लागलं की ती "मी सांगीन" एवढंच म्हणून दूध पाहायला उठली. दूध उतू गेलं होतं.

प्रेरणा दिवाणावर बसली होती, पाय हलवत. पाय थांबले ते शेवंतानं जाता जाता पाहिलं. प्रत्येकाला एक मत असलेल्या त्या घरात तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये शेजारच्या मनकर्णाबरोबर गच्चीवर मूगडाळीच्या मुंगवड्या घालताना शेवंतानं पहिल्यांदा तोंड उघडलं. मनकर्णा बालाघाटकडची, तिचा नवरा बाबुलाल धोंडबाबरोबरच प्लांटमधून रिटायर झालेला. दोघींचं जमायचं ते अशा कामांमुळे.

"सरळ सांगून टाक ना बाई, नाई पाठवत म्हनून," मनकर्णा म्हणाली.

"आंध्रनं बी सरळच सांगतलं होतं."

"कोन आंध्र?"

शेवंतानं तिला समजावलं. ओट्यापाशी उभं राहून वर्षानुवर्षं ऐकलेलं सगळं तिनं धोंडबासारखंच सांगितलं, हातवाऱ्यांसकट. तिचं तिलाच नवल वाटलं. एकानं हो म्हटलं, एकानं नको म्हटलं, दोन्हीकडे तुकडा निघालाच. म्हणजे नाही म्हणण्यात काही दम नाही. नाही म्हटलं की नवरा मान हलवणार, 'तुह्यं मत नोंदलं' म्हणणार, आणि पोरगी जाणार.

"मंग काय करतं?"

"मतच नाई देत." शेवंतानं डाळीचा गोळा कापडावर टाकला. "इचारल्याबिगर पुढं जाता येत नाई, हे तेच म्हनते. आता मी बोललीच नाई, तं पुढं जातीन कसे? नाई म्हटलं तं ओलांडून जाते. काईच नाई म्हटलं तं कशाले ओलांडतीन? बसतीन वाट पाहत."

मनकर्णानं हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. "बापा, तुमच्या घरचं मले काई समजत नाई. आमच्या घरी तं रडते, भांडते, ताट फेकते अन् मोकळे होते."

शेवंता हसली. जन्मात पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या पुस्तकात आपल्यासाठी एक फट सापडली होती. त्या फटीत ती पाय रोवून उभी राहणार होती. मुंगवड्या वाळत होत्या आणि तिला हलकं वाटत होतं, जवळजवळ आनंदाचं.

मग ती गप्प राहिली. घरात बोलायची, हसायची, पण तो विषय निघाला की तोंडाला कुलूप. नागसेनचा बिलासपूरहून फोन यायचा. "आई, बरी हाये ना?" विचारायचा आणि थांबायचा, जरा जास्तच थांबायचा. शेवंता म्हणायची, "बरी हाये. जेवला का?" तो हो म्हणायचा. फोन बंद व्हायचा. धोंडबा रोज संध्याकाळी तिच्याकडे बघायचा आणि काही न बोलता पेपर उघडायचा. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की बायको पोरीच्या भल्यासाठी आडवी येत नाही आहे. बाईचं मन किती मोठं, असं तो विहारात दोघा-तिघांजवळ बोललाही.

आणि प्रेरणा. ती रोज शाळेतून आली की दप्तर न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

"आजी, तू काय सांगनार हायेस सभेत?"

"सभेचं सभेत."

"मले तं सांग ना. मी कोनाले नाई सांगत."

शेवंताच्या ओठांवर यायचं. पोरीला जवळ घेऊन सांगावं, की बाई गं, तुला कुठ्ठं जाऊ देत नाही, तुझ्या आजीनं असा पेच टाकलाय की आबाची आख्खी संसद अडकून पडेल. पण पोरगी आबांची चेली. दोघं एका ताटात जेवणारी. तिच्या तोंडून एक शब्द निसटला तर धोंडबा पुस्तक उघडून बसेल आणि सापडलेली फट बुजवून टाकेल. म्हणून शेवंता म्हणायची, "हात धू. खाऊन घे."

काही दिवस पोरगी विचारत राहिली. नंतर दारात नुसतीच उभी राहायची. मग तेही थांबलं. परीक्षेचा अभ्यास आहे म्हणून ती खोलीत बसू लागली, आणि शेवंताला वाटलं, बरंच झालं, आता विचारणार नाही. देवळात न जाणारी ही बाई त्या दिवसांत बुद्धाच्या फोटोपुढे उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, निकाल लागू दे आणि हे एकदाचं संपू दे.

निकाल लागला. प्रेरणाला चांगले मार्क पडले. रविवारी नागसेन आला, सभा बसली. शेवंता आज आपण होऊन खुर्चीवर बसली होती. चहा तिनं आधीच करून ठेवला होता.

धोंडबानं घसा साफ केला. "मुदत संपली. शेवंताचं मत आलं नाई. तं कलमाप्रमानं आता प्रस्ताव पुढं जाते."

शेवंताला आधी वाटलं, नवरा चुकून उलटं बोलला. "पुढं कसा जाते? माह्यं मत तं आलंच नाई."

"म्हनूनच तं."

"तुमीच म्हनते, मत इचारल्याबिगर नाई जात म्हनून!"

"इचारलं ना, बापा." धोंडबा गोंधळला होता. तिच्याकडून कलमावर प्रश्न यावा हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं पुस्तक उघडलं, चष्मा चढवला आणि बोट फिरवत सांगू लागला. "राष्ट्रपती मुदत ठरवून देते. त्या मुदतीत मत आलं तं आलं. नाई आलं अन् मुदत संपली, तं संसद मोकळी. आधी ही मुदत नव्हती कलमात. पंचावन साली दुरुस्ती करून घातली. कावून, तं राज्यं मत न देता बसून राहिले तं काम अडून राहीन. मुदत वाढवून मागतली असती तं वाढवून देता आली असती, पन तू तं काई बोललीच नाई. मले वाटलं, तुले मंजूर हाये."

मुदतीचं हे वाक्य तो नेहमी शेवटी सांगायचा. शेवटापर्यंत शेवंता कधी थांबलीच नव्हती. कप विसळायचे असायचे, नळ जायची वेळ झालेली असायची. वर्षानुवर्षं तिनं हे कलम ऐकलं होतं आणि तिच्या वाट्याला ते अर्धंच आलं होतं. जी युक्ती तिला गच्चीवर सुचली ती कोणाला तरी ती जन्मायच्या आधीच सुचून गेली होती, आणि मोठ्या माणसांनी ती फट तेव्हाच बुजवली होती.

नागसेन तिच्याकडे बघत होता. प्रेरणाही. या वेळी ती बोलली असती तर? पण तिला वाटलं, आता नाही म्हटलं तर ते आंध्रच्या नकारासारखंच. मान हलवतील, नोंदवतील आणि नेतील. मग आपलं हसं कशाला करून घ्यायचं? ती उठली. "चहा गाळते," ती म्हणाली, आणि चहा गाळून ठेवलेलाच होता हे तिला आत गेल्यावर आठवलं. ओट्याला धरून ती उभी राहिली. बाहेर नागसेन सांगत होता की पुढच्या आठवड्यात शाळेतून टीसी काढतो, तिकडे नाव लावतो.

यात त्या पुस्तकाचा काही दोष नाही. राज्यांसाठी लिहिलेलं कलम यांनी लेकरावर चालवलं. राज्याला आजी नसते. राज्य दारात उभं राहून विचारत नाही की तू काय सांगणार आहेस. हे धोंडबाला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकणारी बाई स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होती.

न्यायला दोघं आले, नागसेन आणि गुंजन. गुंजननं शेवंताचे हात हातात घेतले, दर महिन्याला घेऊन येईन म्हणाली, आणि सामान ठेवायच्या निमित्तानं गाडीच्या मागे गेली, कारण तिलाही भरून आलं होतं. प्रेरणा आबांच्या पाया पडली. आजीच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही. मागच्या सीटवर जाऊन बसली. शेवंतानं खिडकीतून मुंगवड्यांचा डबा दिला तो तिनं न बघता बाजूला ठेवला.

"जाऊन फोन करजो माय," शेवंता म्हणाली.

पोरीनं नुसती मान हलवली. मग अचानक म्हणाली, "आजी, पप्पानं सांगू नको म्हटलं होतं. पन आता तं झालंच."

"काय झालं?"

"पप्पा म्हनले होते, आजीनं एकडाव नाई म्हटलं ना, तं तुले नाई नेत. तू भिलाईतच राहाशीन. पन आजीले सांगू नको म्हने, तिले जोर पडते, तिचं तिले ठरवू दे." तिचा आवाज सपाट होता. "मी रोज वाट पाह्यली. तू काईच नाई बोलली."

शेवंतानं नागसेनकडे पाहिलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्यानं ऐकलं होतं आणि तो नाही म्हणत नव्हता. वडिलांनी शिकवलेलं त्यानं तंतोतंत पाळलं होतं. या घरात सगळ्यांनीच तंतोतंत पाळलं होतं. कोणी कोणावर जोर टाकला नव्हता. एकानं तरी टाकायला हवा होता.

"नाई," शेवंता म्हणाली. आधी हळू, मग रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्यानं. "नाई म्हनते मी! ऐकलं का रे नागसेन? माह्यं मत 'नाई' हाये. नको नेऊ तिले. मी नाई राहू शकत."

आयुष्यातलं तिचं पहिलं मत. फाटकातला धोंडबा जागच्या जागी थिजला. गुंजन गाडीच्या मागे तशीच उभी राहिली. नागसेननं इंजिन बंद केलं. त्याचे डोळे भरले होते. टीसी निघाली होती, तिकडे नाव लागलं होतं, पण तो त्यातलं काही बोलला नाही. तो मागे वळला आणि जे फेब्रुवारीतच करायचं होतं ते त्यानं आत्ता केलं.

"प्रेरणा, तू सांग बेटा. तुले राहाचं हाये का इथं?"

आजवर तिला हे कोणी विचारलं नव्हतं. पोरीनं आजीकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. मग मान फिरवून दुसऱ्या खिडकीकडे बघत, आजीशी कधी बोलली नव्हती त्या शाळेतल्या हिंदीत ती म्हणाली, "नहीं. चलो पप्पा."

नागसेनला पुढच्या सीटवरून तिचा चेहरा दिसत नव्हता. शेवंताला तो पलीकडच्या काचेत दिसत होता. पोरीची हनुवटी थरथरत होती, ओठ आत दाबलेले होते, आणि सीटवर तिनं तो डबा दोन्ही हातांनी घट्ट ओढून धरला होता. मनातलं लपवून गप्प बसायचं हे पोरगी कोणाकडून शिकली, ते शेवंताला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं खिडकीवर हात ठेवला. "ती खोटं बोलून राहिली रे," असं तिला ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच फुटला नाही. गुंजन येऊन बसली. नागसेननं गाडी सुरू केली.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. शेवंताचा आवाज तेव्हा मोकळा झाला. ती फाटकाला धरून "नाई, नाई, नाई" म्हणत राहिली, आणि ऐकायला तिथे एकटा धोंडबा होता.